सहाच्या बातम्यांचे कंट्रोलर

पहाटे सहाला इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून, टीव्हीसमोर ताठ बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हैसूरमधले, चामराजपुरमचे माझे घरमालक. मी एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाले, "समोरचा माणूस अंघोळ करून, पावडर लावून, कोट घालून आपल्या घरात येतो. आणि आपण बनियनवर बसायचं? नाचिके नाही आपल्याला?" लाज काढताना ते नेहमी कन्नडमध्येच काढत.

सगळी गल्ली त्यांना कंट्रोलर म्हणायची. बसस्टँडवर त्यांनी पस्तीस वर्षं कंट्रोलरची नोकरी केली होती. गाडी कुठल्या फलाटावर लागली, कधी सुटणार, कुणी धावत यायचं आणि कुणी बसून राहायचं, हे सगळं माइकवरून सांगण्याचं काम. त्यांचे पूर्वज कधीकाळी म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार म्हणून आले आणि इथलेच झाले. "ते घोड्यावरनं आले, आम्ही बसवर चढलो, प्रगतीच म्हणायची," असं ते सांगत. घरात मराठी, दारात कन्नड आणि उंबऱ्यावर दोन्ही, असा त्या घराचा कारभार होता. माझ्या अक्कलकोटच्या मराठीचं त्यांना मोठं कौतुक. "तुझी मराठी इस्त्रीची आहे गं. आमची आपली घरात नेसायची."

मी त्यांच्याकडे खोली मागायला गेले तेव्हा दारावर 'खोली भाड्याने' अशी पाटी होती, पण माझ्याआधी सात जणांना त्यांनी वाटेला लावलं होतं. मला ना जात विचारली, ना मांसमच्छी खातेस का विचारलं. एकच प्रश्न.

"किती वाजता उठतेस?"

मी जरा भीतभीतच म्हणाले, "साडेतीनला. पण आवाज नाही करणार. मला चारला निघावं लागतं. इथल्या चॅनेलवर सहाच्या बातम्या असतात ना, तिथं मी…"

ते खुर्चीतून उठून उभे राहिले. "त्या बातम्यांत तू आहेस?"

"मी दिसत नाही काका. पडद्यावरची अक्षरं करते. खाली सरकणारी पट्टी, हवामानाचे ढग, कोपऱ्यातलं घड्याळ."

"घड्याळ तुझं?" त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आत बघून हाक मारली, "अगं, किल्ली आण. आणि कॉफी पण. बातम्यांची मुलगी आलीय."

काकूंनी किल्ली आणून दिली आणि हळूच म्हणाल्या, "सांभाळ हं बाळ. या माणसानं माझं एवढं मन लावून ऐकलं असतं ना, तर मीसुद्धा बातम्या वाचल्या असत्या."

आमचं चॅनेल म्हणजे काही बेंगळुरूचं भव्य प्रकरण नव्हतं. एका इमारतीचा तिसरा मजला, दोन कॅमेरे, एक टेबल, मागे राजवाड्याचं चित्र. पहाटे आम्ही चौघं असायचो. सहाच्या बातम्या वाचायला जो कोणी यायचा तो वर्षभरात जरा नावारूपाला आला की बेंगळुरूला पळायचा. मग नवा यायचा, अडखळायचा, सुधारायचा, आणि पळायचा. आम्हाला त्याची सवय झाली होती. कंट्रोलरना नव्हती. त्यांच्या घरातून दर वर्षाला एक माणूस निघून जात होता.

निवेदकांना त्यांनी खऱ्या नावानं कधी हाक मारली नाही. मी राहायला गेले तेव्हा एक मुलगा होता, तो बातम्या इतक्या वेगानं वाचायचा की जाहिराती यायच्या आधी बातम्याच संपायच्या. तो 'एक्स्प्रेस'. त्याच्यानंतर आलेल्या बाईंचा आवाज भेंडीचे भाव सांगतानाही वर चढून खाली उतरायचा. त्या 'घाट सेक्शन'. मग एक गृहस्थ आले, ते प्रत्येक बातमीनंतर दोनदा मान हलवत. दोनदा घंटी म्हणजे गाडी सोडा, हे बसमध्ये बसणारं पोरसुद्धा जाणतं, म्हणून ते 'डबल बेल'. आणि शेवटी आली ती हुणसूरकडच्या तंबाखूवाल्या शेतकऱ्याची मुलगी. प्रत्येक शब्दावर थांबायची, श्वास घ्यायची, पुढचा शब्द वर चढवायची. कंट्रोलरनी पहिल्याच दिवशी निकाल दिला, "ही हुणसूर शटल. सगळे स्टॉप घेते. पण नोडम्मा, बघ बाई, शटलमध्ये म्हातारी माणसं न पडता चढतात."

बातम्यांच्या मधल्या जाहिराती लागल्या की ते उठून बाहेर जात आणि कुंड्यांना पाणी घालत. जाहिरातींचा कंटाळा म्हणून नव्हे. "त्यांना पाणी पिऊ दे की. कुणी टक लावून बघत बसलं की घास उतरत नाही." टीव्हीवरचा माणूस नमस्कार म्हणाला की हे हात जोडून नमस्कार करणार. बातमीच्या मध्ये काकूंनी 'उपमा की दोसा' विचारलं तर हाताचा पंजा वर. कॅलेंडरच्या त्या त्या तारखेच्या चौकोनात ते निवेदकानं कधी सुरुवात केली ती वेळ लिहीत. मी घरी परतले की फाटकातच हिशेब व्हायचा, "आज अठरा सेकंद लेट. चालक कुठं गेला होता?"

आणि चिठ्ठ्या! निवेदकांसाठी त्यांनी माझ्या हाती दिलेल्या चिठ्ठ्या मी आधी लाजत लाजत नेत असे. 'वळणावर वेग कमी करा.' 'मुख्यमंत्र्यांच्या बातमीला हॉर्न फार वाजवता.' एक्स्प्रेस हसून टेबलाच्या खणात टाकायचा. पण एकदा अपघातात शाळेची दोन मुलं गेल्याची बातमी वाचून त्यानं त्याच दमात क्रिकेटचा स्कोर सांगितला. त्या दिवशीची चिठ्ठी अशी होती: 'मरणाच्या बातमीला लागून क्रिकेट नको. मध्ये एक स्टॉप द्या. माणसं अजून उतरत असतात.' एक्स्प्रेसनं ती दोनदा वाचली. मग टेबलाच्या आतल्या बाजूला, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी चिकटवली. तो गेला, घाट सेक्शन गेल्या, डबल बेल गेले, चिठ्ठी तिथंच होती.

नवा निवेदक यायचा त्या दिवशी कंट्रोलर माझ्याकडे एक लिंबू देत. नवी गाडी पहिल्यांदा सोडताना चाकाखाली लिंबू ठेवतात, तसं ते निवेदकाच्या खुर्चीच्या चाकाखाली ठेवायचं. घाट सेक्शनच्या पहिल्या दिवशी मी ते ठेवलं आणि सांगायचं विसरले. बाई बसल्या, लिंबू फुटलं, फरशी ओली झाली आणि खुर्ची जी घसरली ती थेट कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर. अर्धं मिनिट म्हैसूरकरांना राजवाड्याचं चित्र आणि एक डावा खांदा एवढंच दिसलं. पण बाई वाचत राहिल्या, आवाज घाट चढतच होता. मी रडकुंडीला येऊन घरी आले तर कंट्रोलर फाटकात उभे, चेहरा दसऱ्यासारखा. "लिंबू फुटलं, अल्वा? फुटलं ना? उत्तम! आता गाडी कुठं अडत नाही." आणि खरंच नाही अडली, त्या बाई तर दहाच महिन्यांत बेंगळुरूला लागल्या.

जाणाऱ्या निवेदकाला काकू निरोप द्यायच्या. बाई असेल तर ओटी: तांदूळ, नारळ, विड्याची पानं, खण. पुरुष असेल तर फळं आणि तांबूल. हे सगळं पिशवीत घालून माझ्या हाती. त्या दिवशी कंट्रोलर जरीचा म्हैसूर पेटा बांधून टीव्हीसमोर बसायचे आणि बातम्या संपल्या की डोळे पुसायचे. काकू म्हणत, "पोटच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा या माणसानं वऱ्हाडाची बस वेळेवर सुटली की नाही एवढंच बघितलं. रडतो आता, परक्याच्या पोरांसाठी."

या सगळ्याच्या मागे काय आहे ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, नारळ सोलता सोलता. त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी स्टँडवर रेकॉर्ड केलेल्या सूचना आल्या. गोड आवाजातली एक बाई यंत्रातून बोलायची. एका पहाटे तलकाडची पहिली गाडी बिघडली म्हणून रद्द झाली, पण यंत्रातली बाई दर दहा मिनिटांनी तलकाडची गाडी लागते आहे असं सांगत राहिली. एक म्हातारी गाठोडं घेऊन उभी. कंट्रोलर तिला सांगायला गेले, तर ती म्हणाली, "वरून सांगतायत ना येते म्हणून!" यांनी ओरडून सांगितलं. पण यंत्राला भोंगा होता आणि यांचा माइक काढून घेतलेला. म्हातारी साडेनऊपर्यंत उभी राहिली.

"रेकॉर्ड खोटं बोलत नाही नोडम्मा," ते म्हणाले. "पण त्याला दिसत नाही. पहाटे माणूस एकटा असतो. त्याला पहिला जो आवाज ऐकू येतो ना, तो जाग्या माणसाचा पाहिजे. त्याच्याएवढ्याच जाग्या." सहा महिने नोकरी बाकी असताना त्यांनी राजीनामा दिला आणि पुन्हा स्टँडची पायरी चढणार नाही असं ठरवलं. तिथून त्यांनी आपला सगळा भरवसा उचलला आणि सहाच्या बातम्यांवर आणून ठेवला.

आणि मग आमच्या संपादक साहेबांनी ठरवलं की सहाच्या बातम्या आदल्या संध्याकाळी रेकॉर्ड करायच्या.

कुणाला फरक पडणार होता? सहा वाजता म्हैसूर अर्धं झोपेत असतं. निवेदकाचे डोळे सुजलेले दिसणार नाहीत, आम्हाला सातपर्यंत झोपता येईल. शटल तर आनंदानं नाचली. मीही टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू. माझं काम एवढंच होतं की संध्याकाळी केलेल्या बातम्यांवर कोपऱ्यात असं घड्याळ लावायचं की प्रक्षेपणाच्या वेळी ते बरोबर सहा दाखवेल आणि पुढे चालत राहील. शेजारी लाल चौकोनात 'थेट'.

टाळ्या वाजवून घरी आले, आणि फाटकात कंट्रोलर दिसले. हे यांना सांगायचं कसं?

नाही सांगितलं. पण न सांगण्याची एक गंमत अशी झाली की मी पहाटे घरीच दिसले असते तर त्यांनी विचारलं असतं. म्हणून ज्या रेकॉर्डिंगमुळे सगळ्या चॅनेलला झोप मिळाली, त्याच रेकॉर्डिंगपायी मी एकटी साडेतीनचा गजर लावून उठू लागले. चारला फाटक वाजवून बाहेर पडायचं आणि नंतर करायचं काय? त्या वेळी उजेड, माणसं आणि गरम कॉफी असलेली एकच जागा होती. बसस्टँड. कंट्रोलर तिथं येणार नाहीत ही खात्री. मी बाकावर बसून तीन तीन कॉफ्या प्यायचे, आणि यंत्रातल्या बाईच्या सूचना मला तोंडपाठ झाल्या. घरी गेलं की कंट्रोलर म्हणत, "आज बरोब्बर सहा. एक सेकंदपण इकडंतिकडं नाही. शटल सुधारली बघ." आणि काकू माझ्या पानात जास्तीचं तूप वाढत, "पाप, किती लवकर उठते पोर." कानडीत पाप म्हणजे बिचारी, हे मला माहीत होतं. तरी दर वेळी मला मराठीतलंच ऐकू यायचं.

दोन महिने असे गेले. मग एका रात्री वारा सुटला आणि हुणसूरच्या रस्त्यावर एक जुनं प्रचंड झाड आडवं झालं.

बातम्यांत शेवटी रस्त्यांची स्थिती सांगत. कंट्रोलरचा हा सगळ्यात आवडता भाग. त्या पहाटे शटल आपल्या सावकाश, प्रेमळ आवाजात म्हणाली की हुणसूर मार्गावरची वाहतूक सुरळीत आहे. नेमका त्याच वेळी पेपरवाला फाटकाशी येऊन ओरडला, "सार, आज उशीर. हुणसूरच्या रोडला झाड पडलंय, रात्रीपासून सगळं बंद."

कंट्रोलरनी मला लगेच फोन लावला. "अगं, पटकन सांग तिला! रस्ता बंद आहे. अजून दोन मिनिटं आहेत बातम्या संपायला, खालची पट्टी तरी टाक!"

"हो काका, सांगते," मी म्हणाले.

आणि माझ्या डोक्यावरचा भोंगा वाजला. गोड आवाजात त्या बाईनं सांगितलं, हुणसूरला जाणारी बस थोड्याच वेळात फलाटावर येत आहे.

फोनवर पलीकडे कंट्रोलरनाही ते ऐकू गेलं. तो आवाज ते हजार आवाजांत ओळखणार होते.

"तू कुठं आहेस?" त्यांनी विचारलं. मी उत्तर द्यायच्या आत फोन ठेवला.

पंधरा मिनिटांत रिक्षा आली. इस्त्रीचा शर्ट, विंचरलेले केस. कंट्रोलर नऊ वर्षांनी स्टँडची पायरी चढले. हुणसूरच्या फलाटावर शंभरेक माणसं खोळंबली होती. तिथल्या शाळांत शिकवणाऱ्या बायका, बाजाराची पोती, आणि लग्नाला निघालेले सनई-ढोलवाले सहा जण, ज्यांचा मुहूर्त नऊचा होता. सगळे वर भोंग्याकडे बघत होते. माझ्याकडे ढुंकूनही न बघता कंट्रोलर माझ्याच बाकावर चढले, चपला काढून, आणि दोन्ही हात तोंडाशी धरले.

"प्रयाणिकर गमनक्के!"

प्रवाशांनी लक्ष द्यावं, एवढंच. पण काय तो आवाज! चहाचं गाळणं हातात धरलेला माणूस थबकला, झाडणाऱ्या बाईचा झाडू थांबला. भोंग्यातली बाई मध्येच बोलू लागली तर कंट्रोलर तिच्यावरून बोलले, आणि या वेळी माणसं यांच्याकडे बघत होती. हुणसूर रोडवर झाड पडलंय, दहापर्यंत गाडी नाही, शिक्षकांनी शाळेत फोन करावेत, वयस्कांनी आत बसावं. मग बोट वाजंत्रीवाल्यांकडे. "तुम्ही, लग्नवाले! बाहेर टेम्पो उभा आहे, मी त्याला सांगितलंय. आतल्या गावांतनं रस्ता आहे, तो बरोबर नेईल. हळू जा, वाद्यं सांभाळा." वाजंत्रीवाले पळत गेले, आणि टेम्पोत बसता बसता ढोलवाल्यानं कंट्रोलरसाठी एक दणदणीत थाप दिली. सगळ्या फलाटानं टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या, रडत रडत.

ते खाली उतरले, चपला घातल्या, आणि तेव्हा कुठं माझ्याकडे पाहिलं.

"ते कोपऱ्यातलं घड्याळ. तूच लावतेस ना?"

"हो काका."

"बरोबर चालतं," ते म्हणाले आणि रिक्षात बसले.

ते चिडले असते, खोली सोड म्हणाले असते, तर मला एवढं लागलं नसतं. त्या रात्री मी दोघांना संध्याकाळच्या रेकॉर्डिंगचं सगळं सांगून टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बाहेर पडलेच नाही. जिन्यावर बसून ऐकत होते. सहाला टीव्ही लागला, शटल म्हणाली, शुभोदय. कंट्रोलर म्हणाले, "गुड नाइट."

काकू खेकसल्या, "अय्यो, हे काय? आणि बनियनवर बसलात?"

"काल संध्याकाळी बोललीय ती. संध्याकाळी कुणी गुड मॉर्निंग म्हणतं का? माझी निजायची वेळ झाली," असं म्हणून त्यांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली. तरीही टीव्ही बंद केला नाही. पाठ करून सगळ्या बातम्या ऐकल्या. कॅलेंडरचा चौकोन मात्र कोरा राहिला, आणि पुढचे आठ दिवस कोराच.

इकडे शटलचं वेगळंच झालं होतं. झाड पडलं त्या पहाटे तिचे वडील डोळे तपासायला म्हैसूरला यायला निघाले होते. गावातली माणसं सांगत होती, अरे रस्ता बंद आहे, घरी जा. आणि हे भांडत होते. "बंद कसा? माझ्या मुलीनं आत्ता सांगितलं. तुम्हाला जास्त कळतं की तिला?" तास-दीड तास ते गावच्या फाट्यावर मुलीच्या शब्दावर उभे होते. हे मला सांगताना शटल हसायला गेली आणि तिला हुंदकाच आला. "मी त्या वेळी झोपले होते गं," ती म्हणाली. "ते माझ्यासाठी लोकांशी भांडत होते, आणि मी झोपले होते."

आम्ही दोघी साहेबांकडे गेलो. साहेब काही वाईट माणूस नव्हे. त्यांनी शांतपणे विचारलं, "थेट करायचं तर पहाटे चारला येणार कोण?"

"मी," शटल म्हणाली.

"आणि घड्याळ, पट्टी?"

"मी तर साडेतीनलाच उठते," मी म्हणाले, आणि मग मला ते कॉफीचं, बाकाचं, सगळं सांगावं लागलं. साहेब इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. शेवटी म्हणाले, "तीन दिवस करून बघू. पण पडद्यावर गबाळेपणा दिसला तर पुन्हा रेकॉर्डिंग. बघणाऱ्याला काय, दोन्ही सारखंच."

मी धावत घरी आले. कंट्रोलर कुंड्यांना पाणी घालत होते. मी सगळं सांगितलं, वडिलांचंसुद्धा.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "पण मला कळणार कसं?"

"घड्याळ असेल की."

"ते तेव्हाही होतं."

"ती तुमचं नाव घेईल. नमस्कार कंट्रोलर, असं म्हणेल."

"ते पण आदल्या दिवशी म्हणून ठेवता येतं." ते चिडून नव्हते बोलत. खरोखरच विचार करत होते. एकदा उचललेला भरवसा परत ठेवायला जागाच राहत नाही, हे मला त्या दिवशी कळलं, आणि माझाच त्यात हात होता.

पहिली थेट पहाट. शटल रात्रभर धास्तीनं झोपली नव्हती. साहेब स्वतः आले होते, हाताची घडी घालून माझ्या मागे उभे. सहा वाजले, शुभोदय झालं, राजकारण झालं, भाव झाले. पोरगी सगळे स्टॉप घेत नीट चालली होती. रस्त्यांची स्थिती आली. "हुणसूर… मार्गावर…" असं म्हणून ती थांबली. मला वाटलं श्वास घेतेय. पण तिचं तोंड उघडलं आणि उघडतच गेलं. डोळे मिटले, नाकपुड्या फुगल्या, आणि सगळ्या म्हैसूरच्या देखत तिनं एक लांबलचक, ऐसपैस जांभई दिली. मग दचकून तोंडावर हात, कान लालबुंद. "क्षमिसि," ती म्हणाली, माफ करा, आणि पुढे वाचू लागली.

मला मागे बघायचं धाडस होईना. साहेबांनी घशातून काहीतरी आवाज काढला. झालं, मी मनात म्हणाले, उद्यापासून रेकॉर्डिंग.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. साहेबांनीच उचलला. त्यांनी फोन कानापासून लांब धरला, एवढा मोठा आवाज आतून येत होता. मलाही ऐकू गेला.

"जांभई! जांभई दिली हो पोरीनं! जागी आहे! बघितलंत? जागी आहे ती!"

मागून काकूंचा आवाज, "शर्ट घाला आधी, शर्ट! बनियनवर नाचायला लागलेत!" आणि मग कंट्रोलरच बोलता बोलता अडकले. "आणि नोडी सार, मला… मला पण…" पुढे शब्दच नाहीत, नुसता लांब आ ऐकू आला.

साहेब फोन धरून उभे होते. त्यांचा जबडा हलायला लागला. त्यांनी ओठ आवळून धरले, मान वळवली, काही उपयोग झाला नाही. त्यांच्यानंतर कॅमेरामन, त्याच्यानंतर मी. काचेपलीकडे एकटी शटल तेवढी टक्क जागी, खणखणीत आवाजात हुणसूरचा रस्ता मोकळा असल्याचं सांगत होती.

"राहू दे थेटच," साहेब डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला. "तुमचे मालक. काहीतरी निरोप आहे म्हणतात."

मी फोन कानाला लावला. कंट्रोलर आता हळू आवाजात बोलत होते, पलीकडच्या पोरीला ऐकू जाऊ नये असे.

"चिठ्ठी नको, तूच सांग," ते म्हणाले. "आज रात्री तिला लवकर झोपव."